उताऱ्यावर थोरल्याचं नाव

कोपरखैरण्यात माथाड्यांच्या वस्तीत कुणालाही विचारा, सपकाळांच्या उज्वलाची भाकरी म्हणजे काय ते सांगतील. पहाटे साडेचारला ती परात पुढ्यात ओढते ती साडेसातपर्यंत उठत नाही. ज्वारीच्या साठ, बाजरीच्या तीस, आणि एखाद्या घरात डाएटवाली सून असली तर नाचणीच्या पाच-सहा. पातळ, टम्म फुगलेल्या, कडेला कुठं चीर नाही. नवरा ज्योतिबा मार्केटात कांद्याची पोती उचलतो, आणि त्याच्या टोळीतले निम्मे गडी तिचीच भाकरी खाऊन पोत्याखाली पाठ वाकवतात. बाई हाताची सोन्यासारखी, जिभेची तिखट, आणि हट्टी म्हणाल तर विचारूच नका.

पण भाकरी मुकाट्यानं थापता येत नाही, हे तिचं जन्माचं दुखणं. पोळी लाटली तर शेजारच्याला पत्ता लागत नाही. भाकरीची थपथप होते. ती खालच्या मजल्यावर जाते, भिंतीतून पलीकडच्या बेडरूममध्ये जाते आणि तिथून सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर जाते. मग सेक्रेटरी येतो, मग मालकाचा फोन येतो, आणि अकरा महिन्यांचं अॅग्रीमेंट संपलं की मालक अगदी गोड आवाजात सांगतो की वहिनी, पुढच्या महिन्यात भाचा येतोय राहायला, खोली रिकामी करा. कसला भाचा आणि कसलं काय! बावीस वर्षांत चौदा खोल्या झाल्या. तिनं परातीखाली गोधडी घालून बघितली. जिन्यात बसून बघितलं. बोनकोड्याच्या खोलीत असताना तर एक अख्खा श्रावण तिनं न्हाणीघरात दार लावून भाकऱ्या थापल्या आणि रोज तिथं बसून रडली. अन्न घेऊन असं कुठं बसायचं का हो? पण गिऱ्हाईक तुटलं की संसार तुटतो, म्हणून बसली बिचारी.

खोली बदलली की गिऱ्हाइकं बदलायची, रेशनकार्डावरचा पत्ता बदलायचा, मुलीची शाळा बदलायची. मुलगी चार शाळा फिरली तरी हुशार निघाली, आता मिरजेला नर्सिंगच्या हॉस्टेलवर आहे. सुट्टीत यायचं म्हटलं की आधी फोन करून विचारते, आई, आत्ता आपण कुठं राहतो? पोरगी हसत विचारते, पण उज्वलाच्या काळजात ते रुततं.

म्हणून ती सोडतीचे अर्ज भरायची. कमी पगारवाल्यांसाठी सरकारी घरं निघतात, अर्ज करायचा, नशीब असलं तर नंबर लागतो. सहा वेळा भरला, सहाही वेळा नाव नाही. सातवा अर्ज नूरीनच्या दुकानात भरला. नूरीन मूळची उरणकडची, झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं तिचं दुकान, आणि घरी दर शुक्रवारी उज्वलाच्या दहा भाकऱ्या जातात. त्या दिवशी तिनं फॉर्म वाचता वाचता विचारलं होतं, कुटुंबात कुणाच्या नावावर देशात कुठं पक्कं घर आहे का? उज्वला म्हणाली, असतं तर तुझ्या दुकानात झक मारायला आले असते होय? नूरीन हसली आणि तिनं ‘नाही’वर टिचकी मारली.

सातव्या वेळेला नंबर लागला.

नूरीननंच यादी बघून फोन केला, इमारत, मजला, दार सगळं वाचून दाखवलं. उज्वलाचे हात पिठात होते. तिनं फोन खांद्याला धरून ऐकला, पुन्हा सांगायला लावलं, तिसऱ्यांदा सांगायला लावलं, आणि मग तव्यावरची भाकरी करपेपर्यंत तशीच बसून राहिली. ज्योतिबा मार्केटातनं आला तेव्हा तिनं त्याला पाणीसुद्धा दिलं नाही, आधी चपला घालायला लावल्या. जुईनगरला स्टेशनसमोर इमारती उभ्या होत्या, रंग देऊन झालेला. दोघं संध्याकाळी जाऊन रस्त्यापलीकडनं बघत उभे राहिले.

काय गजबज होती म्हणून सांगू! खाली रिक्षांची रांग, रिक्षावाले घसा फोडून ओरडतायत. कोळणी टोपल्या मांडून बसलेल्या, त्यांच्या शेजारी मोबाइलची कव्हरं, त्याच्या शेजारी डोसेवाला तव्यावर उलथनं आपटतोय. वर रेल्वेची घोषणा, मागं देवळाची घंटा, मधेच कुणाच्या तरी हळदीचा बेंजो. ज्योतिबाचं डोकं दुखायला लागलं. तो म्हणाला, इथं माणसाला झोप कशी लागायची? उज्वला मात्र कान भरभरून ऐकत होती. एवढ्या गलबल्यात आपली थपथप कुणाच्या कानावर जाणार, या विचारानं तिला रस्त्यावरच हसू फुटलं आणि मग तिथंच रडूही आलं. ज्योतिबानं तिच्यासाठी डोसा घेतला. बायको रडली की त्याला दुसरं काही सुचत नाही.

त्याच आठवड्यात खोलीच्या मालकाचा फोन आला. भाचा येणार होता. दीड महिन्यात खोली रिकामी करायची होती. उज्वलानं आयुष्यात पहिल्यांदा मालकाला ठणकावून सांगितलं, करते की, माझं स्वतःचं घर होतंय. तेवढं एक सुख तिनं भोगलं.

कागद द्यायला दोघं बेलापूरच्या कार्यालयात गेले. तिथं कागद तपासायला ऋता मॅडम होत्या. बाई चांगल्या, वस्सकन अंगावर येणाऱ्या नव्हेत, समोरच्याला खुर्ची देणाऱ्या. त्यांनी सगळे कागद उलटसुलट बघितले, पसंत केले, आणि शेवटी म्हणाल्या, गावाकडचा दाखला तेवढा आणा. नवरा-बायको दोघांच्या नावावर गावी पक्कं घर नाही, असा ग्रामपंचायतीचा दाखला. एवढा आला की झालं.

एवढंच ना, म्हणत ज्योतिबानं तिथंच व्हरांड्यात उभं राहून धाकट्या भावाला फोन लावला. गाव पाटणच्या बाजूला, केळेवाडी. धाकटा शहाजी तिथं गुरं सांभाळतो, डेअरीला दूध घालतो. ज्योतिबानं त्याला सांगितलं, ग्रामसेवकाकडं जा, माझ्या नावावर घर नाही असं लिहून घे आणि लगेच फोटो पाठव.

पलीकडून शहाजी हसला. फोन स्पीकरवर होता, उज्वलानं ते हसणं ऐकलं.

“दादा, खुळा झालास का काय? घर तुझ्याच नावावर हाय की. म्या मुद्दाम लावलंय.”

 ज्योतिबाला काही समजलंच नाही, तो आपला मुद्दाम म्हणजे काय, मुद्दाम म्हणजे काय, असं विचारत राहिला. तिला मात्र एका क्षणात सगळं समजलं. कारण त्या घरावर थोरल्याचं नाव लागलं ते तिच्यामुळं लागलं होतं.

चार वर्षांपूर्वी शहाजीनं बापाचं पडकं मातीचं घर पाडलं आणि त्याच जागेवर दोन खोल्यांचं स्लॅबचं घर बांधलं. दुधाच्या पैशातलं, त्याच्या आणि बायकोच्या, ज्ञानेश्वरीच्या, घामाचं. ज्योतिबानं इकडनं जमेल तशी भर घातली, पण खरं बांधलं त्यांनी. वास्तुशांतीच्या पत्रिका छापल्या आणि निमंत्रक म्हणून खाली एकट्या शहाजीचं नाव घातलं. पत्रिकेचा फोटो उज्वलाच्या फोनवर आला मात्र, बाई पेटली. आम्ही भाड्याच्या खोल्यांत दिवस काढतो म्हणून आम्हाला गावानं मोजायचं नाही का? तिनं तिथल्या तिथं दिराला फोन लावला आणि वाट्टेल ते बोलली. थोरला मुंबईला मेला काय, असंही बोलली. घराला नाव थोरल्याचं लागतं, ही आपली रीत आहे, ती मोडायची असेल तर आम्ही येत नाही, असं तिनं साफ सांगितलं.

शहाजी गरीब माणूस. त्यानं पत्रिका पुन्हा छापल्या. पूजेला थोरल्या जोडीला बसवलं. दारावर संगमरवराची पाटी लावली, तिच्यावर मोठ्या अक्षरांत ज्योतिबाचं नाव. गावातल्या बायका उज्वलाला म्हणाल्या, नशीब काढलंस हो, असा दीर मिळत नाही. ती चार दिवस कशी मिरवली होती त्या घरात! हिरवी पैठणी नेसून ओट्यावर बसली होती. आणि शहाजीनं पुढं जाऊन पंचायतीच्या दप्तरातही भावाचंच नाव लावलं होतं. थोडं मायेनं, थोडं वहिनीच्या भीतीनं. कुणाला सांगितलं नाही, कारण त्यात सांगण्यासारखं काय, असं त्याला वाटलं.

आता बेलापूरच्या व्हरांड्यात उभी राहून उज्वलाला ती हिरवी पैठणी आठवली आणि स्वतःच्या दोन थोबाडीत मारून घ्याव्यात असं वाटलं.

ऋता मॅडमपासून लपवायची सोयच नव्हती. सगळे उतारे आता कॉम्प्युटरवर दिसतात. त्यांनी केळेवाडीचा उतारा काढून समोर धरला, नाव वाचून दाखवलं. उज्वलानं टेबलाच्या कडेला दोन्ही हात टेकून पत्रिकेपासून पाटीपर्यंत सगळं सांगितलं, स्वतःचं तोंड किती सुटलं होतं तेही सांगितलं. मॅडमना वाईट वाटलं, ते त्यांच्या तोंडावर दिसलं. त्या म्हणाल्या, हे घर खरोखर भावाचं आहे, तुमचं नाव नुसतं मानापुरतं आहे, याचे पक्के कागद आणा. भावाचं प्रतिज्ञापत्र, पंचायतीतून नाव कमी केल्याचा ठराव, आणि तुमच्या मिस्टरांचं हक्कसोड, म्हणजे घरावरचा हक्क सोडल्याचा कागद. मी प्रकरण समितीपुढं ठेवते. पण खात्री देत नाही हां मी. नियमात अर्ज केला त्या तारखेला काय होतं ते बघतात.

माणूस बुडायला लागला की शेवटची वाक्यं ऐकत नाही. उज्वलानं ‘समितीपुढं ठेवते’ एवढंच ऐकलं आणि तेच उराशी धरून घरी आली. कागद द्यायला हातात पंचवीस दिवस होते. तिनं भाकरीची गिऱ्हाइकं जावेसारख्या एका मैत्रिणीकडं सोपवली, टोळीच्या मुकादमाला सांगून ज्योतिबाची रजा काढली आणि दोघं गावी गेले.

गावात पोचल्या पोचल्या ज्ञानेश्वरीनं ओवाळून घेतलं, पुरणाचा घाट घातला होता. तिला वाटलं थोरले दीर-जाऊ सणाबिगर आले म्हणजे काही चांगलंच असणार. उज्वलानं पोळी ताटातच ठेवली. जेवणं झाल्यावर तिनंच तोंड उघडलं, कारण ज्योतिबा उघडणार नव्हता. शहाजी उकिडवा बसून ऐकत होता. ऐकून झाल्यावर त्यानं पहिला प्रश्न विचारला तो हा, की दादाला वाटणी हवी आहे का? नाव काढायचं म्हणजे गावात दुसरा अर्थच नसतो. भाऊ वेगळे झाले, असाच अर्थ. उज्वलानं शपथा घालून सांगितलं की वाटणी नको, काहीच नको, तेच तर कागदावर लिहून द्यायचं आहे.  शहाजी म्हणाला, नाव म्या चुकून न्हाय लावलं वैनी, मनापासनं लावलं. पण तुमचं घर होत असंल तर जे लिहायचं ते लिहा.

तालुक्याला एक वकील गाठला. तो कामाचा माणूस, त्यानं विचार करून एकदम पक्का मसुदा केला. नुसतं घर नाही, खालची जागाही त्यात घातली, नाहीतर समिती म्हणेल जागा ज्योतिबाची तर घरही त्याचंच. कागद टाइप होऊन आला आणि वकिलानं ज्योतिबापुढं ठेवला. ज्योतिबा सातवी शिकलेला. त्यानं प्रत्येक शब्दाखाली बोट ठेवून वाचलं. सदर घराशी व त्याखालील जागेशी माझा व माझ्या वारसांचा कोणताही संबंध नाही व पुढेही राहणार नाही. वाचून झाल्यावर त्यानं पेन खाली ठेवलं.

“हे खोटं हाय,” तो म्हणाला. “बापाची जागा हाय ती. मेलो तर तिथं न्यायला सांगितलंय म्या पोरीला.”

वकिलानं घड्याळ बघितलं. बाहेर शहाजी उभा होता, आत यायला धजत नव्हता. उज्वलानं नवऱ्याची समजूत घातली, हात जोडले, नाकदुऱ्या काढल्या. तो नुसता मान हलवत राहिला. बावीस वर्षांत त्यानं तिला कधी नाही म्हटलं नव्हतं, आणि आता म्हणत होता. तेव्हा तिचा तोल गेला. माणसं भरलेल्या त्या ऑफिसात ती खालच्या आवाजात बोलली, पण एकेक शब्द सुरीसारखा.

“तुम्ही त्या घरात वर्षातनं चार दिवस राहता. मी संडासाच्या भिंतीला टेकून भाकऱ्या थापल्यात. मेल्यावर कुठं जायचं ते तुम्ही बघा. मला जिवंतपणी कुठं जायचं ते सांगा.”

ज्योतिबानं तिच्याकडं बघितलं. मग त्यानं पेन उचललं आणि वकिलाला विचारलं, सही कुठं करायची ते दाखवा. तीन ठिकाणी केली. शेवटची इतकी वेडीवाकडी आली की सही त्याची वाटेना, म्हणून वकिलानं शेजारी अंगठाही घेतला.

त्यानंतर रजिस्ट्री, मग ठरावासाठी पंचायतीच्या सभेची वाट. सरपंचाच्या हातापाया पडून सभा आठवडाभर अलीकडं घ्यायला लावली. सभेत एकानं मोठ्यानं विचारलंच, का रं ज्योतिबा, मुंबैत बंगला झाला म्हणून गाव सोडलं व्हय? लोक हसले. ज्योतिबाही हसला.

निघायच्या सकाळी त्यानं शहाजीकडं छिन्नी-हातोडी मागितली. कशाला, म्हणून शहाजीनं विचारलं. ज्योतिबा म्हणाला, कागदावर नाही ते दारावर कशाला ठेवतोस. शहाजी हातोडी देईना, तर त्यानं गोठ्यातनं स्वतः शोधून आणली. पाटी चांगली बसवलेली होती, निघता निघेना. शेवटी निघाली ती दोन तुकड्यांनी निघाली. ज्ञानेश्वरी पदर तोंडाला लावून आत गेली. शहाजी म्हशीच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला आणि पोरासारखा रडला. चाळिशीतला बाप्या माणूस, रडताना आवाज करत होता. गाडी सुटताना त्यानं खिडकीशी येऊन वहिनीला एवढंच विचारलं, एवढ्यानं घर मिळंल न्हवं? उज्वला म्हणाली, मिळणार भावजी, नक्की मिळणार. तिचा स्वतःचा त्यावर विश्वास होता.

कागद मुदतीच्या आत दाखल झाले. मग सुरू झालं वाट बघणं. असं वाट बघणं वैऱ्याच्या वाट्याला येऊ नये. ती दिवसातनं दहा वेळा नूरीनला फोन करायची, साइटवर काही आलं का बघ. नूरीन बिचारी एकदाही कंटाळली नाही. मालकाला उज्वलानं आणखी दहा दिवस मागून घेतले. ब्रोकर नवी खोली दाखवायला बोलवत होता, ती गेली नाही. नवी खोली बघितली तर जुईनगरचं घर रुसेल, असं काहीतरी वेडं तिच्या डोक्यात बसलं होतं. ज्योतिबा कामावर जायचा, यायचा, जेवायचा. बोलायचा नाही. एकदा तिनं मुद्दाम विचारलं, नव्या घरात देव कुठल्या भिंतीला मांडायचे? तो म्हणाला, तू सांगशील तिथं. 

मग एका सोमवारी कार्यालयातून बोलावणं आलं.

ऋता मॅडमनी आधी पाणी दिलं, तेव्हाच उज्वला समजली. समितीनं अर्ज नामंजूर केला होता. सगळे कागद खरे, भावाचं म्हणणं खरं, कुणाची लबाडी नाही हे समितीनं मान्य केलं होतं. पण अर्ज भरला त्या तारखेला उताऱ्यावर नाव होतं, आणि नियम तारखेचा आहे. नंतर नाव काढल्यानं काही फरक पडत नाही. घर प्रतीक्षा यादीतल्या पुढच्या माणसाला जाणार होतं. उज्वलानं विचारलं, कुणापुढं पाया पडू ते सांगा, मी पडते. मॅडम म्हणाल्या, माझ्या हातात असतं तर तुम्हाला विचारावं लागलं नसतं हो. त्यांनी वरच्या साहेबांकडं अर्ज कसा करायचा तेही समजावलं, आणि त्याचा उपयोग होणार नाही हेही प्रामाणिकपणे सांगितलं. मग काहीतरी बरं बोलावं म्हणून बाई ज्योतिबाकडं वळल्या.

“काका, एक आहे. आता तुमच्या नावावर कुठंच घर नाही. पुढच्या सोडतीला तुम्ही अगदी बरोबर नियमात बसता.”

त्या मनापासून बोलल्या होत्या, म्हणून त्यांच्यावर चिडताही येईना. ज्योतिबानं हात जोडले, उपकार झाले मॅडम म्हणाला, आणि दाराकडं चालू लागला. उज्वला खुर्चीतून उठेचना. शिपायानं हाताला धरून उठवलं.

घरी येऊन तिनं सामान बांधायला घेतलं. खोली रिकामी करायला चार दिवस उरले होते आणि जायला जागा नव्हती. भांडी वर्तमानपत्रात गुंडाळताना तिला रडूही येईना. ज्योतिबा भिंतीला टेकून बसला होता. तिला वाटत होतं, यानं आता शिव्या द्याव्यात, हात उचलावा, काहीही करावं. तुझ्या तोंडामुळं नाव लागलं आणि तुझ्या तोंडामुळं नाव गेलं, असं एकदा तरी म्हणावं.  तो उठून तिला दोरी धरायला मदत करू लागला, आणि ते तिला सगळ्यात जास्त लागलं.

तेवढ्यात फोन वाजला. शहाजीचा होता. ज्योतिबानं नाव बघितलं आणि फोन तिच्या हातात दिला.

शहाजी घाईघाईनं बोलत होता, की गेले पंधरा दिवस त्याला अन्न गोड लागत नाही, ज्ञानेश्वरी रोज विचारते, गाव तोंडावर बोलतं की भावाचं नाव खरवडून काढलं. पण तो सगळ्यांना सांगतो, दादाचं मुंबैत घर होतंय, त्याच्यासाठी केलं. निकाल लागला का? काय झालं? मिळालं का घर?

उज्वलानं नवऱ्याकडं बघितलं. त्यानं मान खाली घातली.

“मिळालं भावजी,” ती म्हणाली.

पलीकडं शहाजीनं ज्ञानेश्वरीला हाक मारून सांगितलं, मग कुणाला तरी ओट्यावरून ओरडून सांगितलं. पुन्हा फोनवर आला तेव्हा त्याचा आवाज भरून आला होता. म्हणाला, वैनी, आता म्या सुटलो बघा. सगळी गाडी करून येतो. कुठं यायचं तेवढं सांगा, पोराला लिहून घ्यायला बसवलंय.

उज्वलाच्या हातात सुतळीचं टोक तसंच होतं. ती न अडखळता, सावकाश, एकेक शब्द लिहून घेता येईल असा सांगायला लागली.

“लिहा. जुईनगर स्टेशनसमोर. इमारत नंबर सात. चौथा मजला. जिना चढून आलं की उजव्या हाताचं पहिलं दार.”